खालचे पक्षी

"या वर्षी पाय मी धरणार आहे," बाबा म्हणाले. ते चहा गाळत होते. एक थेंब बाहेर सांडला नाही.

मी धुतलेल्या टॉवेलची घडी घालत होते. ती उलगडली आणि पुन्हा घातली.

"मावशीचे?"

"मग काय तुझे? तू कधी झोपली आहेस तिथे?"

त्या डोंगरावर जे कधी गेले नाहीत त्यांना हे समजावून सांगायला हवं. शरद ऋतूत शिकारी पक्षी उत्तरेकडून दक्षिणेला जातात. शिक्रे, ससाणे, बाज, एखादा गरुड. आमच्या गावामागची डोंगराची लांब सोंड त्यांच्या वाटेवर येते. वारा तिच्यावर आपटून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर पक्षी पंखही न हलवता तरंगत निघून जातात. सोंडेच्या टोकाशी एक सपाट खडक आहे. दर वर्षी काही माणसं तिथे बसून ते पक्षी मोजतात. पगार नाही, कुणी बोलावलेलं नाही. घरचं खाऊन केलेलं काम. माझी आई त्यांच्यातली होती. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावायची आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जाऊन स्वतः आभाळ वाचायची.

उंचावरून जाणारे पक्षी दुर्बिणीतून मोजता येतात. पण वारा जोराचा असला की लहान शिक्रे वर येतच नाहीत. कड्याला घासून, झाडांच्या शेंड्यांवरून, मोजणाऱ्यांच्या पायांखालून सटकतात. ते बसून दिसत नाहीत. त्यासाठी खडकावर पालथं झोपायचं, छातीपर्यंत कड्याबाहेर जायचं आणि सरळ खाली बघायचं. एका हातानं खडकाची कड धरायची, दुसऱ्या हातात मोजणीचा क्लिकर. पक्षी गेला की अंगठा दाबायचा. आणि मागे कुणीतरी बसायचं. टाचा खडकातल्या भेगेत रोवायच्या आणि झोपलेल्याचे दोन्ही घोटे छातीशी कवटाळून ठेवायचे. मोजणाऱ्यांच्या भाषेत, पाय धरायचे.

पाय धरणाऱ्याला नियम एकच. वर बघायचं नाही. डोक्यावरून काहीही जावो, कुणीही ओरडो, त्यानं समोरच्या बुटांच्या तळांकडे बघायचं. नियम ऐकायला सोपा वाटतो. पण त्या डोंगरावर येणाऱ्या माणसाची मान त्याला न विचारता वर जाते, म्हणूनच तो तिथे येतो.

गेल्या शरदात आई झोपली होती आणि पाय मावशीनं धरले होते. मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. आई त्या कड्यावरून गेली.

मावशीनं पोलिसांना दोन शब्द सांगितले. हात सुटला. आम्हालाही तेच सांगितलं. त्यानंतर ती त्याबद्दल बोलली नाही आणि बाबा तिच्याशी बोलले नाहीत.

बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अंधाऱ्या चौकोनी विहिरींमध्ये लोंबकळत, डोक्यावर लिफ्टचा पाळणा आणि पायाखाली सगळे मजले. त्यांच्या लेखी कुठलीही गोष्ट आपोआप सुटत नाही. दोर झिजतो, ब्रेक घासतो, किंवा माणूस कळ सोडतो. "डॉक्टरीणबाई लोकांच्या अक्कलदाढा उपटतात," ते एकदा भिंतीकडे बघत मला म्हणाले होते. मावशीचा दातांचा दवाखाना आहे. "रोगी खुर्चीत नाचत असतो तरी चिमटा सुटत नाही. आणि बहिणीचा पाय सुटतो." पुढचं ते बोलले नाहीत. पण शब्द कुठला ते मला ठाऊक होतं. सुटला नाही, सोडला.

कशासाठी सोडला असेल, असं मी विचारलं नाही. दोन बहिणींमध्ये काय काय असतं ते बाहेरच्याला सांगता येत नाही, आणि बाबांना त्यातलं काय माहीत होतं हे मला जाणून घ्यायचं नव्हतं.

आणि आता त्यांना तिचे पाय धरायचे होते.

"बाबा, तुम्ही काय करणार आहात?" मी विचारलं.

"सांगितलं ना. धरणार आहे." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "तू फोन कर तिला. माझा ती उचलायची नाही."

मी फोन केला तेव्हा मावशी कुणाच्या तरी तोंडात हात घालून होती. मागे पाण्याचा बारीक सूर चालला होता.

"मावशी, बाबा म्हणतात या वर्षी खालचे पक्षी तू मोज. पाय ते धरतील."

सूर बंद झाला.

"कधी?"

"उत्तरेचा वारा सुटला की. पण मावशी, मी काय सांगतेय ते कळतंय ना तुला?"

"न कळायला काय झालं?" ती म्हणाली. मग दुसऱ्या आवाजात, "थुंका. अजून. हां." आणि पुन्हा मला, "त्यांना सांग, बरं म्हणाली. डोंगराचे बूट माळ्यावर आहेत, ते काढून ठेवते."

"तू नाही म्हणालीस तरी चालेल."

"त्यांनी वर्षभरानं काहीतरी मागितलंय गं माझ्याकडे," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

ती भांडली असती, रडली असती, तर मला बरं वाटलं असतं. मी नोकरी करते त्या शहरातल्या ग्रंथालयात रजा वाढवून मागितली. कारण विचारलं तेव्हा घरचं काम असं सांगितलं.

वारा फिरला. आम्ही गाडी काढली. सामान ठेवायला मी डिकी उघडली तर आत बाबांचा कामावरचा पट्टा होता, लिफ्टच्या विहिरीत उतरताना कमरेला बांधायचा, जाड, लोखंडी आकडा असलेला. मला इतकं हायसं वाटलं की मी तो लगेच उचलून माझ्या पिशवीत भरायला लागले.

"राहू दे तो तिथेच," बाबा म्हणाले.

"असू दे ना बरोबर."

"तुझ्या आईच्या कमरेला होता?"

मी पट्टा ठेवला. डिकी त्यांनी बंद केली. ती नीट बसली की नाही हे त्यांनी दोनदा दाबून पाहिलं, जशी त्यांची सवय आहे.

मावशी तिच्या दाराशी उभीच होती. मागच्या सीटवर बसली. एका वळणावर बाबांनी आरशात पाहिलं आणि मावशीनंही पाहिलं, आणि दोघंही खिडकीबाहेर बघायला लागले. गाडी चालवणाऱ्यानं तसं करू नये.

खडकावर ड्रायव्हरकाका आधीच येऊन बसले होते. जन्मभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर रोज एकाच जागी बसून राहायचा हट्ट धरलेला. सपाट खडकाच्या मागे माणसाच्या दुप्पट उंचीचा एक सुळका आहे, त्याच्या माथ्यावर त्यांची घडीची खुर्ची असते. वरचं आभाळ त्यांचं. तिथून ते खाली ओरडून सगळ्यांना बातम्या देतात.

"या या! आज सहकुटुंब?" मग त्यांना मावशी दिसली, मग बाबा, आणि त्यांचा आवाज उतरला. "या. वारा चांगला आहे."

कड्याजवळ नवी पाटी लागली होती. कड्यावर झोपण्यास सक्त मनाई. बाबांनी ती मोठ्यानं वाचली.

"ती होय," वरून ड्रायव्हरकाका म्हणाले. "इथे येणाऱ्या सगळ्यांची लांबची नजर चांगली. जवळचं कुणाला वाचता येत नाही."

मावशी हसली. बाबाही हसले असते, एरवी. आई त्यांना म्हणायची, तुम्ही डोंगरावर या, विनोद तरी ऐकाल चार. ते म्हणायचे, मोजून पक्षी वाढतात का? ती म्हणायची, लिफ्टमध्ये किती माणसं मावतात ती पाटी लावता ना, मग? हा संवाद आमच्या घरी दर शरदात व्हायचा, शब्दही न बदलता. मला तो इतका पाठ होता की कंटाळा यायचा.

सकाळी आभाळ निळंशार होतं, मोजणाऱ्यांना नको असतं तसं. निळ्यात पक्षी विरघळतो. नजर किती उंचावर थांबवायची तेच कळत नाही. ड्रायव्हरकाका वैतागून निळ्या रंगाला शिव्या देत होते. वारा मात्र कड्यावर धडका मारत होता. झाडांचे शेंडे खाली एकाच दिशेला झुकलेले होते आणि त्यांच्यावरून अधूनमधून काहीतरी करडं सर्रकन जायचं. शिक्रे सुरू झाले होते.

"चला," बाबा म्हणाले.

मी मावशीचा हात धरला. "मावशी, नको."

"अगं, वारा आहे तोवर काय ते." तिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला. "हा सांभाळ. नवा आहे, पडला तर परवडायचा नाही." ते बोलून झाल्यावर ती काय बोलली हे तिलाच कळलं. तिनं चेहरा फिरवला आणि गुडघ्यांवर बसली.

"चष्म्याशिवाय दिसेल तुला?"

"लांबचं दिसतं."

ती पालथी झाली. कोपरांवर सरकत सरकत पुढे गेली. डोकं, खांदे, मग छाती कड्याबाहेर. बाबा तिच्यामागे बसले. त्यांनी भेग शोधली, टाचा रोवल्या, जागा बदलली, पुन्हा रोवल्या. कामावर बसतात तसे बसले. मग मावशीचे दोन्ही घोटे उचलून छातीशी घेतले आणि त्यांच्याभोवती हात गुंफले, उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर. मेव्हणीच्या अंगाला त्यांनी आयुष्यात बोट लावलं नसेल. दोघांचेही चेहरे मला दिसत नव्हते. तिचा खाली होता, त्यांचा बुटांवर वाकलेला.

मी बाबांच्या बाजूला, हात पोहोचेल इतक्या अंतरावर बसले. मला पक्षी मोजायचे नव्हते. दुर्बीण मी गळ्यातून काढून ठेवली. बाबांचे हात बघायचे, एवढंच ठरवून मी आले होते. त्यांच्या नखांत अजून काळं तेल असतं, काम सोडलं तरी. मनगटावरची बोटं पांढरी पडली होती. म्हणजे घट्ट होती.

टक्. खालून क्लिकरचा आवाज आला. मग टक् टक्.

"थोडं पुढे," मावशीचा आवाज आला. वाऱ्यानं तो तुकड्या-तुकड्यानं आणला. "कपार... आड येतेय."

बाबा बुटांच्या तळांकडे बघत राहिले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"वीतभर."

त्यांनी टाचा उचलल्या, बसल्या जागी पुढे सरकले, पुन्हा रोवल्या. वीतभर मावशी कड्याबाहेर गेली. आता तिच्या कमरेपर्यंत हवा होती. तिनं असं का सांगितलं? आईनंही हेच सांगितलं होतं का? मला वाटलं, बाबांना आता ओरडून सांगावं, पुरे. पण काम चालू असताना त्या दोघांपैकी कुणालाही दचकवायचं नसतं, हे मला आईनं लहानपणीच शिकवलेलं होतं.

टक्. टक् टक् टक्.

"आले!" वरून ड्रायव्हरकाका खुशीत ओरडले. "आले बुवा ढग एकदाचे! आता बोला!"

उन्हाची झाक खडकावरून निघून गेली. बाबांच्या हातांवरची केसांची चमक विझली. मला थंडी वाजली. ढग म्हणजे मोजणाऱ्यांची चैन. पांढऱ्यावर पक्षी शाईच्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. वर ड्रायव्हरकाकांच्या क्लिकरचा आवाज वाढला. खाली मावशीचाही चालूच होता. मधे आम्ही दोघं, बाबा आणि मी, काहीच न मोजणारे.

किती वेळ गेला सांगता येत नाही. बाबांच्या कपाळाची शीर मोठी होत गेली. एकदा त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ते मला म्हणत नव्हते. बुटांना म्हणत होते.

मग वरून आरोळी आली. "भोवरा! भोवरा फुटला! अगं पोरी, बघ, डोक्यावर! सगळं आभाळ चाललंय!"

पक्षी गोल गोल फिरत, एकावर एक चढत हवेत वर जातात, त्याला ते भोवरा म्हणतात. वरच्या टोकाशी पोहोचले की फिरणं सोडून एकामागून एक दक्षिणेला सुटतात, आणि मोजायची वेळ तीच. माणूस वर्षभर त्या क्षणाची वाट बघतो. मी लहानपणी एकदा पाहिला होता, आईच्या खांद्यावर बसून. आज मी वर बघितलं नाही. मान आतून ओढली जात होती, तरी मी बाबांच्या बोटांकडे बघत राहिले.

ती बोटं मनगटावरून निघाली.

झटका बसला नाही, घसरलीही नाहीत. कुलूप काढावं तशी निघाली. हातांचा वेढा सैल झाला आणि मावशीच्या टाचा आणि बाबांची छाती यांच्यात मला पलीकडचा खडक दिसला. बूट पुढे सरकले.

मी अंग टाकलं. मावशीच्या पोटऱ्यांवर पडले, माझी हनुवटी तिच्या टाचेवर आपटली, तोंडात रक्ताची चव आली. ती ओझ्यानं पुढे ओढली जात होती आणि माझ्या बोटांत तिच्या पँटचं कापड होतं. आणि कड्याखाली, वाऱ्यात, क्लिकर चालूच होता. टक्. टक् टक्. तिला काही कळलंच नव्हतं. किंवा कळलं होतं आणि ती मोजत होती.

मग माझ्या पाठीवरून बाबांचे हात आले. त्यांनी आम्हा दोघींना मिळून कवटाळलं आणि मागे खेचलं. त्या वयात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मी मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा वर होता, आभाळाकडे. डोळे उघडे होते. त्यांच्या डोक्यावरून पक्षी जात होते, खूप, अगदी संथपणे.

आम्ही तिघं खडकाच्या मध्यावर बसलो. मावशी आमच्याकडे वळली. गालाला खडी चिकटली होती, ती झाडली. माझ्या हनुवटीकडे पाहिलं, बाबांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. वर्षभरात ती पहिल्यांदा त्यांच्याशी कामापलीकडचं बोलली.

"भाऊजी, सावली आली का?"

बाबांनी हात मांडीवर ठेवले.

"बुटांवरून. पक्ष्याची." ती हळू बोलत होती, पण थांबत नव्हती. "त्या दिवशी ऊन होतं. लख्ख ऊन. मी तळांकडेच बघत होते हो. शपथेवर सांगते, तळांकडेच. आणि ताईच्या बुटांवरून एक सावली आडवी गेली. एवढी मोठी. गरुड असणार. मान आपोआप वर गेली. नुसती मान. हातांना मी काहीच सांगितलं नव्हतं." तिनं आपले हात पुढे केले, पालथे, जसे कुणाला नखं दाखवावीत. "हे कुणाला सांगायचं? पक्षी बघायला मान वर केली म्हणून?"

बाबांनी घसा साफ केला.

"हो," ते म्हणाले. "आली सावली. माझीही मान गेली."

मावशीच्या तोंडून एक आवाज निघाला. ते रडणं होतं की सुटकेचा श्वास, मला कळलं नाही. तिनं माझ्याकडे हात केला. मी चष्मा दिला. तो तिनं शर्टाच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वर पाहिलं.

आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं होतं. उन्हाचा एक कवडसाही कुठे नव्हता. मावशी बराच वेळ बघत राहिली, मोजणारी माणसं बघतात तशी, डावीकडून उजवीकडे, पट्ट्यापट्ट्यानं. मग नजर खाली घेतली आणि बाबांकडे न बघता म्हणाली, "बरं."

"तुमचे किती झाले?" वरून ड्रायव्हरकाकांनी विचारलं. त्यांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. पाहणार कसे? "मी सांगतो, आजच्यासारखा दिवस नाही! पोरी, पाहिलास ना भोवरा?"

"पाहिला," मी म्हणाले.

मावशीनं क्लिकर डोळ्यांसमोर धरून आकडा वाचला आणि मोठ्यानं सांगितला. त्यांनी वरून शाबासकी दिली.

आम्ही लगेच निघालो. वाट अरुंद आहे, दगडात खोदलेल्या पायऱ्या, झिजलेल्या, आणि रेलिंग अर्ध्यापर्यंतच. बाबा पुढे झाले. पहिल्या उंच पायरीशी थांबून मागे वळले आणि मावशीपुढे हात केला.

"हात दे. इथे निसरडं आहे."

मावशीनं हात दिला.

ढगाखाली सावली पडत नाही. हे बाबांना ठाऊक आहे, मावशीलाही आता ठाऊक आहे. तिच्या छातीवरचा दगड उतरावा म्हणून ते खोटं बोलले असतील. ते तेवढे मोठे होऊ शकतात. मी त्यांना तसं होताना पाहिलेलं आहे. ड्रायव्हरकाकांच्या हाकेनं त्यांची मान खरोखरच वर गेली असेल, आणि आयुष्यभर ज्या माणसाचा ब्रेकवर विश्वास होता त्याला ते कबूल करवलं नसेल. किंवा तिसरं काही. त्यांच्या हातांपासून मी हातभर अंतरावर होते. डोळे मिटले नव्हते, नजर ढळली नव्हती. बोटं निघाली तेव्हा त्यांची मान कुठे होती, एवढंच मला माहीत नाही, कारण मी बोटांकडे बघत होते.

प्रत्येक पायरीला ते वळून हात देत होते आणि मावशी तो घेत होती. उजव्या हाताला दरी होती. मी मागून उतरत होते आणि त्या दोन हातांवरून नजर काढत नव्हते.